बेवा नावाचा माणूस

घरपट्टीच्या यादीत सहाशे चौदा घरं,
आणि प्रत्येक घर एकाच रकान्यात कोंबलेलं.
नाव, बापाचं नाव, आडनाव, टोली, कुणाचा तरी मोबाईल,
मध्येच स्वल्पविराम, मध्येच दोन जागा सुटलेल्या,
कुठे नुसतंच ‘ऐजन’.
माझ्या आधीचा ऑपरेटर डीजेच्या धंद्यात गेला.
जाताना जुनी वही जशी होती तशी उतरवून गेला,
धापा टाकत बोलावं तशी.

तालुक्याहून फोन: शुक्रवारपर्यंत रकाने वेगळे करा,
नाहीतर खैरबोडीची यादी वर चढत नाही.

युक्ती मला पवनीच्या प्रशिक्षणात कळलेली,
पोहे आणि चहा यांच्या मधल्या पाच मिनिटांत.
शेजारच्या रकान्यात एक नाव आपण लिहायचं.
दुसरं लिहायला घ्यायचं.
दुसऱ्याच्या दुसऱ्या अक्षराला
खाली सगळी नावं दिसू लागतात,
फिकट, राखाडी,
चार दिवसांच्या पऱ्ह्यासारखी.
‘बस, एन्टर मारा मॅडम.’

आसाराम लक्ष्मण कापगते. मी लिहिलं, लक्ष्मण.
डुलीराम सोमा मारबते. मी लिहिलं, सो…
आणि मशीनला वाटलं, कळलं आपल्याला गाव.
एन्टर.
सहाशे बारा बाप-नवरे एका दमात जागेवर.
महिन्याचं काम. मी खुर्ची मागे सरकवली,
बाहेर बोडीवर बगळे उतरताना पाहिले.

फागू काका चहा ठेवायला आले, ठेवलाच नाही.
पडद्याला नाक लावून म्हणाले,
‘हा बेवा कोन होय वो?
याच्या त एकेचाळीस बायका दिसतेत.’

जुन्या वहीत होतं:
सरजाबाई बेवा दसरू मेंढे.
भागरता बेवा इस्तारी शहारे.
मशीनला कुणी सांगितलं नव्हतं बेवा म्हणजे काय.
तिला मधली जागा ठाऊक.
मधल्या जागेवर जो बसला तो धनी.
वर वल्द नावाचा एक बापही निघाला,
दोनशे सात पोरांचा.
आम्ही हसलो. इतके, की इन्व्हर्टर कुईं कुईं करत होता
ते ऐकूच आलं नाही.

मग मी सरजाबाईच्या ओळीत बेवा खोडलं,
दसरू लिहिलं.
यादी क्षणभर थांबली, आणि खालपर्यंत
राखाडी अक्षरं हलली:
इस्तारी, मंगरू, बुधा, तुकडू,
एकेचाळीस मेलेले पुरुष
न बोलता आपापल्या बायकांच्या ओळीत येऊन बसले.

फागू काका एकेकाचं नाव घेत गेले.
हा सापानं. हा टीबीनं. हा झाडावरून, मोह वेचताना नाही,
फांदी तोडताना. हा पोळ्याच्या दिवशी.
पाचशे तीनला बोट थांबलं.
गिरजाबाई, नत्थू, दिघोरे.

‘नत्थू मेला नाही पोरी.
नागपूरले हाय, कळमन्यात, दुसरीसंगं.
बेवा तिनंच लिहायले लावलं होतं.
तवाच्या ग्रामसेवकाले म्हने, कुकू मी पुसलं,
तू फकस्त लिही.’

एन्टर अजून मारलेलं होतं, मारलं नव्हतं,
आता आठवत नाही.
मी कर्सर पाचशे तीनवर नेला.
नत्थू पुसला.
रिकामं ठेवलं तर वर चढताना लाल होतं.
डॅश चालत नाही. शून्य चालत नाही.
मी लिहिलं: बेवा.

मशीननं खाली काही सुचवलं नाही.
एका बाईवरून ती रीत बांधत नसावी.

‘तिचे एकशे साठ रुपये आणलेत,’
काकांनी खिशातून घडी केलेल्या नोटा काढल्या,
‘पावती फाड.’
पावतीपुस्तकात नावाला एकच ओळ असते.
मी कार्बन सरळ केला, जोर देऊन लिहिलं,
गिरजाबाई,
आणि खालच्या प्रतीवर उमटलं का
ते उचलून पाहिलं.